वस्तीतील पोलीसकार्य आणि गुन्हे-प्रतिबंध : विश्वास, दक्षता आणि संशय यांच्या सीमा

प्रस्तावना

एखाद्या वस्तीत लागोपाठ दोन-तीन घरफोड्या झाल्या, किंवा सकाळी फिरायला गेलेल्या महिलेचे मंगळसूत्र खेचून चोर पळाला, की रहिवाशांच्या मागण्या बहुधा ठरलेल्या असतात. रात्रीची गस्त वाढवावी, चौकात पोलीस चौकी उभारावी, सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, भाडेकरूंची तपासणी व्हावी आणि फेरीवाल्यांना व अनोळखी माणसांना वस्तीत येऊ देऊ नये, असे अर्ज पोलीस ठाण्यात दिले जातात. या मागण्यांमागील भीती खरी असते आणि तिची उपेक्षा करणे योग्य ठरणार नाही. परंतु मागितलेल्या उपायांपैकी कोणत्या उपायाने गुन्हा टळतो, कोणत्याने केवळ समाधान लाभते आणि कोणत्याने निरपराध माणसाच्या जिवावर बेतू शकते, हा विचार मात्र क्वचितच केला जातो.

प्रस्तुत लेखात निवासी वस्तीच्या पातळीवरील गुन्हे-प्रतिबंधाचे स्वरूप, त्याची कायदेशीर चौकट आणि महाराष्ट्रातील काही अनुभव यांचा परामर्श घेतला आहे. गुन्हे-प्रतिबंध म्हणजे प्रामुख्याने पहारा नसून रहिवाशाच्या लहानात लहान तक्रारीला वेळेवर मिळणारा प्रतिसाद होय, हे या विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

गुन्हा घडण्याची रीत

आधुनिक पोलीस दलाची स्थापना लंडनमध्ये १८२९ मध्ये सर रॉबर्ट पील यांच्या पुढाकाराने झाली, तेव्हाच गुन्ह्याचा प्रतिबंध हे पोलिसांचे पहिले कर्तव्य मानले गेले होते. मात्र प्रतिबंध कसा होतो, याचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. १९७९ मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी मांडलेला विचार येथे उपयुक्त ठरतो. त्यांच्या मते गुन्हा घडण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी, एकाच ठिकाणी याव्या लागतात : गुन्हा करण्यास प्रवृत्त झालेली व्यक्ती, सोयीचे लक्ष्य आणि राखण करणाऱ्याचा अभाव. दिवसभर कुलूपबंद राहणारी घरे, दिवा नसलेला जिना आणि परस्परांना न ओळखणारे शेजारी, असे चित्र जेथे असते तेथे दुसरी व तिसरी अट आपोआप पूर्ण होते. वाडा आणि चाळ यांत सामाईक अंगण व गॅलरीमुळे येणाऱ्या-जाणाऱ्यावर सहज नजर राहत असे. सदनिकांच्या बंद दारांमागे ती नजर उरत नाही. जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये अमेरिकी शहरांविषयी लिहिताना रस्त्यावरील सुरक्षितता प्रथमतः पोलीस नव्हे तर तेथे वावरणारी माणसे राखतात, असे प्रतिपादन केले होते. त्याचा प्रत्यय आपल्या शहरांतही येतो.

गस्तीच्या परिणामकारकतेविषयी दोन प्रयोग प्रसिद्ध आहेत. कॅन्सस सिटी येथे १९७२-७३ मध्ये शहराच्या एका भागातील पंधरा बीटचे तीन गट करण्यात आले. एका गटात मोटारीने होणारी नेहमीची गस्त बंद ठेवली, दुसऱ्यात ती पूर्ववत चालू ठेवली आणि तिसऱ्यात दुप्पट-तिप्पट केली. तिन्ही गटांत गुन्ह्यांच्या प्रमाणात किंवा नागरिकांच्या भीतीत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यानंतर न्यूअर्क येथे पायी गस्तीचा अभ्यास झाला. तेथेही गुन्ह्यांची संख्या फारशी बदलली नाही, परंतु नागरिकांची भीती कमी झाली आणि पोलिसांविषयीचे मत सुधारले. पुढील संशोधनाने यात एक महत्त्वाची भर घातली. गुन्हे ज्या मोजक्या ठिकाणी आणि मोजक्या वेळी एकवटलेले असतात, तेथेच गस्त केंद्रित केली तर गुन्हे घटतात. याचा अर्थ असा की सरसकट गस्त वाढवण्यापेक्षा कोठे, केव्हा आणि काय घडते याची अचूक माहिती अधिक मोलाची असते. ही माहिती रहिवाशांकडेच असते, आणि ज्या पोलिसावर विश्वास आहे त्यालाच ते ती सांगतात.

कायद्याची चौकट

भारतात १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ हिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ आणि भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. नव्या सुरक्षा संहितेच्या कलम १६८ नुसार दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून हस्तक्षेप करणे हे प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. शांतताभंगाची भीती असल्यास कलम १२६ आणि सराईत गुन्हेगारांबाबत कलम १२९ यांखाली अनुक्रमे शांतता राखण्याचे आणि चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेता येते. सामान्य व्यवहारात यालाच प्रतिबंधक कारवाई म्हणतात. खेचून नेण्याच्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये प्रथमच स्वतंत्र गुन्ह्याचे स्थान मिळाले आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, अर्थात पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम, १९५१, याच्या कलम ५५ ते ५७ खाली एखाद्या व्यक्तीस हद्दपार करता येते. ही तडीपारी दोन वर्षांपर्यंतची असू शकते. मात्र तडीपारी हा संचारस्वातंत्र्यावर मर्यादा आणणारा असामान्य उपाय असून तो जपून वापरला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे.

नागरिकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न तक्रार नोंदवली जाण्याचा आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच प्रथम खबर अहवाल नोंदवणे बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी दिला. नव्या संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी खबर घेतली पाहिजे. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत मात्र वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे. नोंद नाकारली गेल्यास पोलीस अधीक्षकांकडे आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

वस्तीतील बहुतेक कुरबुरी याच्या अलीकडच्या असतात. धमकी, शिवीगाळ, किरकोळ मारहाण किंवा नळावरचे भांडण यांची नोंद अदखलपात्र म्हणून होते आणि तक्रारदाराच्या हाती नोंदीची एक प्रत पडते. व्यवहारात अशी नोंद म्हणजे विषयाचा शेवट मानला जातो. वस्तुतः गंभीर गुन्ह्याची पूर्वसूचना अनेकदा याच नोंदींत असते. एकाच व्यक्तीविरुद्ध, एकाच गल्लीतून, काही आठवड्यांत चार अदखलपात्र नोंदी होत असतील तर पाचव्या वेळी काय घडेल याचा अंदाज करणे अवघड नसते. नव्या संहितेच्या कलम १७४ मध्ये अशा प्रकरणांचा दैनंदिनी अहवाल दर पंधरवड्यास दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याची तरतूद आहे. ती केवळ कागदोपत्री राहिली नाही, तर प्रतिबंधाचे एक उपयुक्त साधन ठरू शकेल.

भिवंडीचा अनुभव

मुंबईच्या शेजारचे, यंत्रमागांचे शहर असलेल्या भिवंडीत मे १९७० आणि मे १९८४ मध्ये भीषण जातीय दंगली झाल्या. १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग सुरू केला. तत्पूर्वीही शांतता समित्या होत्या, परंतु त्यांत पुढारी व प्रतिष्ठित यांचा भरणा असे आणि त्या तणावाच्या प्रसंगापुरत्या बोलावल्या जात. नव्या समित्यांत दोन्ही धर्मांतील सामान्य रहिवासी होते. त्यांच्या बैठका शांततेच्या काळातही होत आणि त्या भागाच्या पोलीस कर्मचाऱ्यावर समितीची जबाबदारी असे. बैठकीत धर्माचा विषय क्वचितच निघे. पाणी, गटार, शेजाऱ्यांची भांडणे, मुलांच्या मारामाऱ्या अशा दैनंदिन गोष्टींवरच बोलणे होई. या लहान गोष्टींतूनच परस्परांची आणि पोलिसांची ओळख वाढली.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत झालेल्या दंगलींत ९०० माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. त्याच काळात भिवंडी शांत राहिली. या शांततेचे श्रेय मोहल्ला समित्यांना व्यापक प्रमाणावर दिले गेले. १९९४ मध्ये मुंबईतही पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ सुरू झाली.

तथापि भिवंडीच्या कथेचा उत्तरार्धही लक्षात घेणे आवश्यक आहे. ५ जुलै २००६ रोजी तेथेच, कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्याच्या वादातून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा मृत्यू झाला आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांची हत्या केली. एकदा निर्माण झालेला विश्वास कायम टिकतो असे नाही, हे या घटनेवरून दिसते. अधिकारी बदलतात, समित्यांच्या बैठका विरळ होतात, ओळखीचा हवालदार निवृत्त होतो आणि नव्या पिढीला समितीचे प्रयोजन ठाऊक नसते. एका कर्तबगार अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभा असलेला उपक्रम संस्थात्मक स्वरूप घेत नाही, तोवर त्याचे आयुष्य त्या अधिकाऱ्याच्या बदलीपुरतेच असते.

झोपडपट्टी पोलीस पंचायत

दुसरा उल्लेखनीय प्रयोग पुण्यात २००३ मध्ये आणि त्यानंतर मुंबईत झाला. दोन्ही शहरांचे पोलीस आयुक्त राहिलेले ए. एन. रॉय आणि नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनचे जोकिन अर्पुथम यांच्या प्रयत्नांतून झोपडपट्टी पोलीस पंचायतीची कल्पना प्रत्यक्षात आली. महिला मिलन या वस्तीतील स्त्रियांच्या संघटनेचाही तीत सहभाग होता. पंचायतीत वस्तीतील सात महिला आणि तीन पुरुष असे दहा सदस्य व सोबत नेमून दिलेला पोलीस, अशी रचना ठरवण्यात आली. बसण्याची जागा वस्तीने उपलब्ध करून दिली.

महिलांचे बहुमत हा या रचनेचा गाभा होय. दारूच्या गुत्त्यामुळे होणारा त्रास, नवऱ्याची मारहाण, मुलींची छेडछाड आणि उधारीवरून होणाऱ्या धमक्या यांची पहिली झळ स्त्रियांना लागते. पोलीस ठाण्याची पायरी चढण्यास त्याच सर्वाधिक कचरतात. ठाणे वस्तीत आल्याने हा संकोच कमी झाला. अर्थात या पद्धतीलाही मर्यादा आहेत. गंभीर मारहाण किंवा लैंगिक अत्याचार ही आपसांत मिटवण्याची बाब नव्हे. तेथे समेटाचा आग्रह धरणे म्हणजे पीडितेवर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेसंदर्भातही हाच मुद्दा उपस्थित होतो. तंटे मिटवण्याला बक्षीस असेल तर तंटे दडवण्याचा मोह निर्माण होऊ शकतो. म्हणून अशा समित्यांचे यश किती तक्रारी मिटल्या यावर न मोजता किती तक्रारदार पुन्हा निर्भयपणे आले यावर मोजणे अधिक युक्त ठरेल.

न ऐकलेली तक्रार आणि ऐकलेली अफवा

पोलीस आणि वस्ती यांच्यातील संवाद तुटला म्हणजे काय घडते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयाच्या इमारतीत, कस्तुरबानगर वस्तीवर अनेक वर्षे दहशत बसवणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला जमावाने ठार मारले. त्या जमावात वस्तीतील महिला मोठ्या संख्येने असल्याचे सांगितले गेले. तक्रारी करूनही दखल घेतली गेली नाही, असे वस्तीतील महिलांचे म्हणणे होते. २०१४ मध्ये या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. या घटनेचे तेव्हा अनेकांनी समर्थन केले, परंतु न्यायालयाच्या आवारात न्याय जमावाने करावा ही कोणत्याही राज्यव्यवस्थेची हारच होय. ज्या तक्रारी वेळेवर ऐकल्या गेल्या नाहीत, त्यांचा हा शेवट होता.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मोबाइलवरून पसरलेले संदेश, अनोळखी वेश आणि परकी बोली एवढेच त्यांच्याविरुद्धचे पुरावे होते. ज्यांनी मारले त्यांची समजूत आपण गावाचे रक्षण करीत आहोत अशीच होती. दक्षता आणि हिंसा यांच्यातील अंतर किती थोडे असू शकते, हे यावरून कळते. याच महिन्यात, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समन्वय अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले.

संशयाचा हा रोख भटक्या-विमुक्तांकडेच वळतो याला इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, परंतु शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने हे वास्तव मराठी वाचकांसमोर ठेवले. चोरी कोठेही झाली तरी पोलिसांची पहिली धाड विशिष्ट पालांवर पडते आणि रहिवाशांनाही ते स्वाभाविक वाटते, हे या इतिहासाचे अवशेष होत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी कारागृहांतील जातिभेदाविषयी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानीपणे अटक होऊ नये, असेही निर्देश पोलिसांना दिले आहेत. हा प्रश्न केवळ न्यायाचा नाही, परिणामकारकतेचाही आहे. पोलीस ठरावीक पालांवरच शोध घेत राहतात तेव्हा प्रत्यक्ष चोराला अवधी मिळतो.

रहिवाशांच्या दक्षतेची मर्यादा

गृहनिर्माण संस्था आणि वस्त्यांनी योजावयाच्या उपायांचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. जिन्यात व गल्लीत पुरेसा उजेड, मजबूत कडी-कोयंडे, बाहेरगावी जाताना शेजाऱ्याला दिलेली सूचना आणि रखवालदाराला योग्य वेतन व विश्रांती हे साधे उपाय होत. ते कोणावरही संशय न घेता गुन्ह्याची संधी कमी करतात. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा उपयोग तपासाला निश्चित होतो. प्रतिबंधाच्या बाबतीत मात्र त्यांचा परिणाम वाहनतळांसारख्या ठिकाणी सर्वाधिक आढळला आहे, सर्वत्र तो सारखा नाही.

भाडेकरूंची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश अनेक शहरांत वेळोवेळी काढले जातात. त्यांचे पालन करणे घरमालकाचे कर्तव्य आहे. परंतु माहिती देणे आणि जात, धर्म वा प्रांत पाहून घर नाकारणे या भिन्न गोष्टी आहेत. शिक्षणासाठी परगावाहून आलेला विद्यार्थी हाही कोणाच्या तरी दृष्टीने अनोळखी भाडेकरूच असतो, हे महाविद्यालयीन शिक्षकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

संशयित व्यक्ती आढळल्यास नागरिकाने काय करावे, याबाबत कायदा स्पष्ट आहे. आपल्या समक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्या व्यक्तीला किंवा घोषित गुन्हेगाराला नागरिक पकडू शकतो. मात्र नव्या संहितेच्या कलम ४० नुसार त्याने तिला विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. केवळ संशयावरून कोणाला डांबून ठेवण्याचा, त्याची झडती घेण्याचा किंवा त्याला मारण्याचा अधिकार रहिवाशांना नाही. वंश, जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांच्या गटाने केलेल्या खुनासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये मृत्युदंड किंवा जन्मठेपेची तरतूद आहे. अनोळखी माणूस दिसल्यास त्याची विचारपूस करावी आणि शंका राहिल्यास ११२ या क्रमांकावर कळवावे. नागरिकाचे कर्तव्य येथे संपते आणि पोलिसांचे सुरू होते.

हे कर्तव्य पार पाडले न गेल्यास दाद मागण्याची सोयही असली पाहिजे. प्रकाश सिंह प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या सात निर्देशांपैकी एक पोलीस तक्रार प्राधिकरणाविषयी होता. महाराष्ट्राने २०१४ मध्ये अधिनियमात दुरुस्ती करून त्याची तरतूद केली. वस्तीतील सामान्य रहिवाशाला या प्राधिकरणाची माहिती करून देणे हेही गुन्हे-प्रतिबंधाच्या कामाचाच भाग मानता येईल.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. सरसकट गस्तीपेक्षा नेमक्या माहितीवर आधारलेली गस्त अधिक परिणामकारक ठरते, आणि ती माहिती पोलिसांवर विश्वास असलेल्या रहिवाशांकडूनच मिळते. हा विश्वास शांततेच्या काळात, लहानसहान तक्रारींच्या निमित्ताने निर्माण होतो. भिवंडीच्या समित्या आणि पुण्या-मुंबईतील पोलीस पंचायती यांनी ते दाखवून दिले. विश्वासाला संस्थेचे स्वरूप आले नाही तर तो विरतो, हेही भिवंडीनेच २००६ मध्ये दाखवले. नागपूर आणि राईनपाडा येथील घटना परस्परविरोधी दिसल्या तरी दोन्ही ठिकाणी जमावाने कायदा हाती घेतला. एका ठिकाणी खरी तक्रार ऐकणारे कोणी नव्हते, तर दुसऱ्या ठिकाणी खोट्या बातमीची शहानिशा करणारे कोणी वेळेवर पोहोचले नाही.

म्हणून एखाद्या वस्तीच्या सुरक्षिततेची कसोटी तेथील कॅमेऱ्यांच्या संख्येवरून लावता येणार नाही. त्या वस्तीतील मोलकरीण आपली तक्रार घेऊन निर्धास्तपणे पोलीस चौकीत जाऊ शकते काय, आणि भिक्षेकरी वा फेरीवाला दुपारच्या वेळी त्या गल्लीतून सुखरूप बाहेर पडू शकतो काय, या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तेथेच पोलीसकार्य आणि नागरिकांची दक्षता ही दोन्ही योग्य मार्गाने चालली आहेत असे म्हणता येईल.